लवकर ‘नाही’ म्हणणारं ॲप

प्रश्न : ताई, मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रकल्पासाठी ऐनवेळी प्रवासाचं तिकीट काढून देणारं मोबाईल ॲप निवडलंय. आज ठरलं आणि आजच रात्री निघायचं, अशा लोकांसाठी. स्क्रीन काढून झाल्या, दिसायलाही छान झाल्यात. पण सरांनी विचारलं, ‘नेहमीच्या बुकिंग ॲपपेक्षा यात वेगळं काय?’ आम्हाला उत्तर देता आलं नाही. खरंच काही वेगळं असतं का? आणि पैसे कट होतात पण तिकीट मिळत नाही, हे अजूनही का घडतं? – एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : तुमच्या सरांनी नेमकं बोट ठेवलंय. आधी एक प्रसंग सांगते, कारण या विषयातली माझी बरीचशी मतं त्या एका संध्याकाळी पक्की झाली.

पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही तेव्हा ठाण्यात राहायचो. साडेसातच्या सुमारास शेजारचे दादा दारात आले. कणकवलीहून फोन आला होता, वडिलांना दवाखान्यात हलवलं होतं. दादांचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप, हात कधी चुकत नाही असा माणूस. त्या दिवशी मात्र फोन त्यांच्या हातात स्थिर राहत नव्हता. ‘ताई, तुम्ही यातल्या आहात, जरा बसा ना शेजारी,’ म्हणाले.

मी बसले. ॲप उघडल्याबरोबर गोव्याच्या सहलीची जाहिरात आली. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की दादांचा अंगठा तिसऱ्या वेळी तिच्यावर पडला. मग ‘कुठे जायचं’ या चौकटीत त्यांनी कणकवलीचं इंग्रजी स्पेलिंग घातलं, आपल्याकडे बरेच जण घालतात तसं. ॲप म्हणालं, असं गाव सापडत नाही. रेल्वेच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त आहे आणि त्या ॲपने तेच उचललं होतं. दुसऱ्या खेपेला गाव सापडलं. बस मिळाली, सीट निवडली, ओटीपी आला, नाव-वय भरून झालं. तेवढ्यात भाडं वाढलेलं दिसलं, कारण विम्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती. पिन टाकला. खात्यातून अकराशे चाळीस रुपये गेले, स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी इंग्रजीत एक ओळ आली : काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करायला खात्यात साडेसहाशे उरले होते.

घरात होते तेवढे रोख पैसे मी दिले आणि दादा एसटीने गेले. कट झालेले पैसे पाचव्या दिवशी परत आले. दादांना आजही आठवतात ती दहा मिनिटं. बस सुटायला वेळ कमी होता, आणि आपल्याकडे तिकीट आहे की नाही हेच त्यांना कळत नव्हतं.

महिनाभर आधी तिकीट काढणारा निवड करत असतो. खिडकीची जागा, स्वस्त दिवस, कुठल्या डब्यात पंखा चांगला, सगळं तो पाहतो. ऐनवेळी निघालेल्याला वाट हवी असते. त्याचा प्रश्न एकच : आत्ता निघालो तर सकाळपर्यंत पोचेन का? तुमच्या पहिल्या स्क्रीनवर ‘कुठून, कुठे, तारीख, वर्ग, कोटा’ अशा पाच चौकटी असतील, तर ते नेहमीचंच ॲप आहे, रंग फक्त वेगळा. फोनला ठिकाण माहीत असतं, तारीख आजचीच असते. विचारायचं उरतं एवढंच, की जायचं कुठे आणि कधीपर्यंत पोचायला हवं. गावाचं नाव मराठीत लिहिलं, इंग्रजीत कसंही लिहिलं किंवा बोलून सांगितलं, तरी सापडलं पाहिजे. संगमेश्वर असो की सावंतवाडी, एकेका गावाची चार-पाच स्पेलिंगं आधीच साठवून ठेवणं हे एका दुपारचं काम आहे.

तारखेवर जरा थांबते, कारण इथे भलेभले फसतात. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते. पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे कॅलेंडरचं पान उलटलेलं असतं. समजा आज 14 तारीख आहे, रात्रीचे नऊ वाजलेत आणि तुम्ही पनवेलला आहात. तुमच्या डोक्यात ‘आज रात्रीची गाडी’. तुम्ही 14 तारीख टाकता. पण पनवेलहून 14 तारखेला सुटणारी कोकणकन्या काल मध्यरात्रीनंतरच निघून गेली! तुम्हाला हवी असलेली गाडी पनवेलच्या हिशोबाने 15 तारखेची आहे. यात आणखी एक गुंता : तत्काळचं आरक्षण गाडी मूळ स्थानकावरून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी उघडतं, म्हणजे याच गाडीचं 13 तारखेला. घाबरलेल्या माणसाने हा हिशोब का करावा? त्याला ‘आज रात्री’ असं बटण द्या आणि तारखेचं गणित ॲपने पोटात घालावं. दाखवतानाही नुसतं ‘15, 00:30’ नको, ‘आज मध्यरात्रीनंतर साडेबाराला’ असं लिहावं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही ॲपने आपणहून लक्षात ठेवावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. ऐनवेळच्या ॲपने ‘नाही’ लवकर म्हणायला शिकलं पाहिजे.

होतं काय, की ॲपच्या मालकाला माणूस ॲपमध्ये राहायला हवा असतो. म्हणून जागा नसली तरी ‘वेटिंग 42’ असं हिरव्या-पिवळ्या रंगात दाखवतात. महिनाभर आधी वेटिंग 42 ला अर्थ आहे, लोक रद्द करतात, यादी सरकते. आज रात्रीच्या गाडीला वेटिंग 42 म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’. तत्काळच्या वेटिंगचं तर आणखी अवघड, तिला आरएसीची पायरीसुद्धा नसते. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत बसता येत नाही. ज्याने त्या वेटिंगच्या भरवशावर दुसरी सोय केली नाही, त्याला चार्ट लागल्यावरच हे कळतं. तोवर एसटीही भरलेली असते.

म्हणून ॲपने सकाळीच स्पष्ट सांगावं : या गाडीने जमेल असं दिसत नाही. आणि त्याच स्क्रीनवर पुढचं दार दाखवावं. आपल्याकडे ऐनवेळची दारं ठरलेल्या वेळी उघडतात, हे फार उपयोगाचं आहे. तत्काळची खिडकी वातानुकूलित वर्गांसाठी आदल्या दिवशी सकाळी 10 वाजता उघडते, बाकीच्यांसाठी 11 वाजता. ती हुकली तर चार्ट. पूर्वी पहिला चार्ट गाडी सुटायच्या चार तास आधी लागायचा, 2025 पासून तो बराच आधी लागतो. चार्ट लागला की उरलेल्या जागा करंट बुकिंगला येतात, आणि हे करंट बुकिंग अनेकांच्या गावीही नसतं. तुमच्या ॲपने एवढंच केलं, की ‘चार्ट लागल्याबरोबर तुम्हाला कळवतो, तोपर्यंत परळहून सुटणाऱ्या या दोन एसटी लक्षात ठेवा’, तरी त्याने अर्धं काम केलं म्हणेन. ठाणे, दादर, पनवेल, कुर्ला ही रात्री निघणाऱ्याला एकाच गावाची चार दारं आहेत. उतरायलाही कणकवलीला जागा नसेल तर कुडाळ चालतं, पुढे कोणीतरी घ्यायला येतं. माणूस फोनवर बोलताना हे सगळं एका वाक्यात सांगतो. ॲपमध्ये मात्र त्याला चार वेगवेगळे शोध घ्यायला लावतो आपण.

‘जागा आहे’ हे सांगणंही वाटतं तितकं सोपं नाही. रेडबसची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 2005 च्या दिवाळीत बंगळुरूत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा यांना हैदराबादला घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. शोध घेताना त्यांच्या लक्षात आलं, की अडचण निव्वळ जागांच्या टंचाईची नाही. कुठल्या एजंटकडे किती जागा उरल्या आहेत हे एकत्रितपणे कुणालाच माहीत नव्हतं. त्यातून मित्रांबरोबर त्यांनी 2006 मध्ये रेडबस सुरू केलं. म्हणजे आपल्या देशातला हा मोठा व्यवसाय ऐनवेळी न मिळालेल्या एका तिकिटातूनच उभा राहिला. पण माहिती एका ठिकाणी आणली तरी ती शिळी होतेच. तुमच्या स्क्रीनवर ‘3 जागा’ दिसतात, त्या काही सेकंदांपूर्वीच्या असतात. दर वेळी मूळ यंत्रणेला विचारलं तर तिच्यावर भार येतो, म्हणून ॲप थोड्या वेळापूर्वीचं उत्तर जवळ ठेवतं आणि तेच दाखवतं. महिनाभर आधी त्याने बिघडत नाही. तत्काळ उघडल्यावर सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी मात्र वीस सेकंदांपूर्वीची माहिती म्हणजे कालचं वर्तमानपत्र. आकड्याखाली बारीक अक्षरात ‘इतक्या सेकंदांपूर्वी पाहिलं’ असं लिहा. ही प्रामाणिकपणाची ओळ मी फार थोड्या ॲपमध्ये पाहिली आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पैसे कट होण्याचा. कारण समजलं की उपायही दिसतो.

तिकीट काढताना दोन वेगळ्या वह्या लिहिल्या जात असतात. एक जागांची वही, रेल्वेची किंवा बसवाल्याची. दुसरी पैशांची, तुमच्या बँकेची. दोन्ही वह्या वेगळ्या इमारतींत, वेगळ्या माणसांकडे, आणि मधे तुमच्या फोनचं नेटवर्क. तुम्ही सीट निवडता तेव्हा बसचं ॲप ती थोड्या मिनिटांसाठी तुमच्या नावाने अडवून ठेवतं. तेवढ्यात पैसे पोचले तर तिकीट पक्कं. पण बँकेने पैसे कापले आणि ‘मिळाले’ हा निरोप यायला उशीर झाला, तर घड्याळ संपतं, सीट सुटते आणि दुसरा कुणी ती घेतो. पैसे गेलेले असतात, जागा नसते. यात कुणी चोरी केलेली नसते. दोन वह्यांचा मेळ बसलेला नसतो, एवढंच.

बहुतेक नवशिक्या ॲपमध्ये व्यवहाराच्या दोनच अवस्था असतात, झालं आणि फसलं. खऱ्या जगात तिसरी असते : अजून कळलेलं नाही. दादांना दिसलेली ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ ही ओळ तिसऱ्या अवस्थेत दाखवली गेली होती, आणि ती खोटी होती. काहीही चुकलेलं नव्हतं, उत्तर यायचं बाकी होतं. त्या ओळीवर विश्वास ठेवून माणूस पुन्हा पैसे भरतो आणि मग कधी दोनदा पैसे जातात, कधी एकाच प्रवासाची दोन तिकिटं निघतात. म्हणून प्रत्येक खरेदीला सुरुवातीलाच एक खूण-क्रमांक द्या. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवा व्यवहार सुरू करू नये, पहिल्याचंच काय झालं ते सांगावं. बटण दहा वेळा दाबलं तरी तिकीट एकच निघालं पाहिजे.

मग त्या तिसऱ्या अवस्थेची स्क्रीन. माझा आग्रह आहे, की तुमच्या गटाने ती सर्वांत आधी काढावी, मुखपृष्ठाच्याही आधी. तिच्यावर काय हवं? ‘तुमच्या खात्यातून 1,140 रुपये गेले आहेत. तिकीट अजून पक्कं झालेलं नाही. आम्ही बसवाल्याकडे विचारतो आहोत, दोन मिनिटांत हो किंवा नाही सांगू. तोपर्यंत पुन्हा पैसे भरू नका.’ आणि उत्तर ‘नाही’ आलं तर परताव्याचा दिवस. हा दिवस अंदाजाने सांगायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला केलेल्या भरण्यात पैसे कापले गेले आणि समोरच्याला पावती पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. हा नियम किती प्रवाशांना माहीत असेल? ॲपला माहीत असतो, त्याने सांगावा.

त्याहून चांगली व्यवस्था म्हणजे पैसे कापण्याऐवजी नुसते राखून ठेवायचे आणि तिकीट निघाल्यावरच घ्यायचे. आपल्याकडे शेअर बाजारात नव्या समभागांच्या अर्जासाठी हे वर्षानुवर्षं चालत आलंय. ज्याच्या खात्यात एकाच तिकिटापुरते पैसे आहेत, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. राखून ठेवलेले पैसे लगेच मोकळे झाले, तर तो दुसरी बस तरी पाहू शकतो.

सकाळी दहाच्या झुंबडीबद्दल थोडक्यात. तत्काळ योजना 1997 च्या अखेरीची. खिडकीवरच्या रांगेत निदान पुढचा माणूस दिसायचा. ऑनलाइन रांग दिसत नाही, आणि तिथे यंत्रं माणसांच्या पुढे उभी राहू लागली. म्हणून 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळलेलं खातं सक्तीचं झालं, आणि अधिकृत एजंटांना सुरुवातीचा अर्धा तास बंदी आली. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण ज्याने आधी पडताळणी केलेली नाही, त्याला हे दहाला पाच कमी असताना कळून चालणार नाही. संकट यायच्या आधीच, निवांत दुपारी, ॲपने ही कामं करून घ्यावीत : पडताळणी, घरच्यांची नावं आणि वयं. नावाची चौकटही आपल्या नावांना पुरेल इतकी लांब ठेवा. माझ्या मामांचं नाव दत्तात्रय. इंग्रजीत आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. त्यात वडिलांचं नाव आणि आडनाव आलं की चौकट संपते. पासष्ट वर्षांचा माणूस दहा वाजता स्वतःच्याच नावातली अक्षरं कापत बसतो, हे मी पाहिलंय.

एसटीसाठी लिहिणार असाल तर सवलती विसरू नका. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं भाडं आहे आणि 75 वर्षांवरच्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत आहे. चौघांच्या घराचं भाडं यामुळे बरंच बदलतं. हा आकडा शेवटच्या स्क्रीनवर कळून उपयोग नाही, तो बस निवडतानाच दिसायला हवा.

आणि आता ज्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे ती गोष्ट. घाबरलेल्या माणसाला घाईला लावणं सर्वांत सोपं असतं. ‘आत्ता 17 जण हीच बस बघत आहेत’, ‘शेवटची जागा’, उलटं पळणारं घड्याळ. शेवटची जागा खरोखर शेवटची असेल तर सांगा, ती मदत आहे. नसेल तर ती फसवणूक आहे, आणि आता कायद्याच्या नजरेतही तसंच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई हा त्यातला पहिलाच प्रकार. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, म्हणजे दादांच्या तिकिटातला विमा, हाही त्यात आहे. भाडं थेंबाथेंबाने वाढवत नेणंही आहे. ही तत्त्वं तुमच्या प्रकल्पाच्या अहवालात जोडा आणि प्रत्येक स्क्रीन त्यांच्यासमोर धरून बघा.

भाड्याबद्दल एक सूचना, मला स्वतःला फार आवडणारी. महाराष्ट्रात 2018 च्या शासन निर्णयानुसार खासगी बसचं भाडं त्याच मार्गावरच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये. गणपतीत काय होतं ते चिपळूणकरांना मी सांगायला नको. तुमचं ॲप खासगी बसच्या भाड्याशेजारी त्याच वर्गातल्या एसटीचं भाडं दाखवू शकतं. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे, वर शेरा मारायची गरज नाही. प्रवाशाला काय ते कळतं.

हॉटेलटुनाइट नावाचं एक अमेरिकन ॲप याच ऐनवेळच्या गरजेवर उभं राहिलं आणि 2019 मध्ये एअरबीएनबीने ते विकत घेतलं. त्याच रात्रीची मोजकी हॉटेलं आणि अंगठ्याच्या दोन-चार हालचालींत खोली, असं त्याचं स्वरूप होतं. जरूर पाहा, पण त्याची नक्कल करू नका. तिथे एक हॉटेल नाही मिळालं तर शेजारचं मिळतं. आपल्याकडे कणकवलीची शेवटची बस चुकली तर सकाळ उजाडते, आणि दवाखान्यात कुणीतरी वाट बघत असतं.

शेवटी एक विनंती. तुमच्या स्क्रीन कागदावर छापा आणि एखाद्या शनिवारी संध्याकाळी चिपळूणच्या एसटी स्टँडवर जा. फलकापाशी वर बघत उभं राहिलेलं कुणी दिसलं, तर त्यांच्या हातात पहिला कागद द्या आणि तुम्ही काही बोलू नका. ते पहिला प्रश्न कोणता विचारतात तो जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. असे दहा प्रश्न जमले की मला पाठवा, पुढच्या अंकात त्यांच्यावरच बोलू.